भाग 14 : किरण कुठे संपतो?

(पॉडकास्टच्या चौदाव्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेचसे कापलेत. काही राहिलेत, चालवून घ्या.)

मागे जो आवाज येतोय तो पत्र्यावरच्या पावसाचा आहे. रेकॉर्डिंग लोणावळ्यातून करतोय, ताईच्या घरून. वीकेंड आहे, त्यामुळे बाजारात चिक्कीच्या दुकानांसमोर गाड्यांची रांग लागलीये, बाहेर पडण्यात अर्थ नाही. म्हणून म्हटलं, बसून भागच करून टाकू.

आजचा विषय भाचीने दिलाय. ती सहावीत आहे. घटक चाचणीचा भूमितीचा पेपर घरी आला, त्यात एक प्रश्न होता. दोन कोन काढलेले, शेजारी शेजारी. डावीकडच्याच्या भुजा लांबलचक, जवळजवळ अर्ध्या पानभर, पण दोन्ही एकमेकींना चिकटून चालल्यासारख्या. उजवीकडचा छोटुसा, नखाएवढ्या भुजा, पण चांगला फाकलेला. प्रश्न : कोणता कोन मोठा? हिने लिहिलं, डावीकडचा. त्यावर लाल फुली. बाजूला काहीही लिहिलेलं नाही, नुसती फुली.

आणि मग पुढचं वाक्य, जे ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला : “मामा, मला गणित नाही जमत.”

सहावीत. एका फुलीवरून.

मी तिला विचारलं, तू डावीकडचा का निवडलास? ती म्हणाली, “अरे, मोठा दिसतोय ना! एवढा लांब आहे.” आता खरं सांगू? तिचं उत्तर चुकलं, पण ते अक्कल न वापरता दिलेलं नव्हतं. तिने काहीतरी मोजलं होतं, फक्त भलतंच मोजलं होतं. आणि त्या गोंधळाचं मूळ कोनात नाहीच. ते त्याच्या आधीच्या पानावर आहे, जिथे किरणाची व्याख्या दोन ओळींत उरकलेली असते आणि ‘पुढे जाऊ या’ म्हणून सगळे पुढे जातात. म्हणून आपण आधी किरणाकडे जाऊ.

पुणे–लोणावळा लोकल सगळ्यांना माहितीये. पुण्याहून निघते, लोणावळ्याला संपते, परत फिरते. दोन्ही टोकं पक्की. हा झाला रेषाखंड. त्याची लांबी विचारली तर उत्तर देता येतं, कारण इथून इथपर्यंत असं बोट दाखवता येतं.

आता कल्पना करा, एक अशी गाडी आहे जी लोणावळ्याहून सुटते, मळवलीवरून जाते आणि पुढे जातच राहते. कामशेत, तळेगाव, पुणे, त्याच्या पुढे, त्याच्याही पुढे. शेवटचं स्टेशनच नाही. रूळ अगदी सरळ आहेत असं धरा, खरे रूळ वळणावळणाचे असतात ते सोडून द्या. या गाडीचा मार्ग म्हणजे किरण. सुटण्याची जागा ठरलेली, तिला आरंभबिंदू म्हणतात. संपण्याची जागा नाही. आणि जिला सुटण्याचंही स्टेशन नाही, जी दोन्हीकडे अखंड आहे, ती रेषा.

इथे एक गंमत बघा. ‘किरण लोणावळा-मळवली’ आणि ‘किरण मळवली-लोणावळा’ हे एकच का? भाची पटकन हो म्हणाली. कारण रेषाखंडाला चालतं. लोणावळा ते मळवली म्हणा नाहीतर मळवली ते लोणावळा म्हणा, तोच तुकडा. रेषेलाही चालतं. किरणाला नाही चालत. पहिला किरण लोणावळ्यात सुरू होऊन मळवलीमार्गे पुण्याकडे गेला. दुसरा मळवलीत सुरू होऊन लोणावळ्यामार्गे खंडाळा, मुंबई, आणि पुढे समुद्रावरून कुठेतरी गेला. पहिल्या गाडीत बसलेल्या माणसाला मुंबई कधीच लागणार नाही. दोघांत सामाईक काय? फक्त लोणावळा ते मळवली हा मधला रेषाखंड. म्हणून किरणाच्या नावात पहिलं अक्षर नेहमी आरंभबिंदूचं, आणि वर जो बाण काढतात तो शोभेसाठी नाही. तो सांगतो, ‘कागद संपला, मी नाही.’

हे तिला समजलं, पण पटलं नाही. समजणं आणि पटणं यात फरक असतो. तिचं म्हणणं, “पण वहीत तर तो संपतोच ना?”

मग रात्री लाईट गेली. पावसाळ्यात इथे लाईट जाणं ही बातमी नाही. खिडकीबाहेर धुकं असं की समोरची बिल्डिंग गायब. मी टॉर्च घेऊन तिला गॅलरीत नेलं. एरवी टॉर्चचा झोत बाजूने दिसत नाही, तो भिंतीवर पडला की भिंत दिसते. धुक्यात मात्र पाण्याचे बारीक थेंब प्रकाश सगळीकडे उडवतात, त्यामुळे झोत पांढऱ्या काठीसारखा उभा राहतो. सुरुवात माझ्या हातात. मी विचारलं, संपतो कुठे? तिने बोट केलं, तिथे. मी म्हटलं, तिथे काय आहे? भिंत? “नाही, तिथे दिसायचा बंद होतो.” बरोब्बर. दिसायचा बंद होतो. संपतो असं नाही.

(इथे एक कंस. खरा प्रकाश पसरतो, क्षीण होतो, धुक्यात विखुरतो. भूमितीतला किरण तसं काही करत नाही, त्याला जाडीही नाही. पण मराठीत दोघांना एकच शब्द आहे ही आपली सोय आहे. सूर्याचा किरण म्हटलं की सहावीतल्या पोरालाही माहीत असतं की तो सूर्यापासून सुटलाय आणि इकडे येतोय. दिशा त्या शब्दातच आहे.)

मग मी दुसरा टॉर्च घेतला आणि दोन्ही एकाच जागी धरले, मुठीला मूठ लावून. एक झोत सरळ ठेवला, दुसरा हळूहळू बाजूला फिरवला. हा कोन. एकाच आरंभबिंदूतून निघालेले दोन किरण. तो बिंदू म्हणजे शिरोबिंदू, ते किरण म्हणजे कोनाच्या भुजा. आणि कोनाचं माप म्हणजे एका किरणावरून दुसऱ्यावर जाताना किती फिरावं लागलं ते. किती चालावं लागलं ते नव्हे.

आता एका टॉर्चची बॅटरी उतरलेली होती, त्याचा झोत अर्ध्यातच विरत होता. मी म्हटलं, समज याची बॅटरी बदलली, झोत दुप्पट लांब दिसायला लागला. कोन वाढला? ती दोन सेकंद थांबली आणि म्हणाली, “नाही. तू हात कुठे हलवलास?”

मंडळी, झालं. त्या फुलीचं उत्तर तिने स्वतःच दिलं. किरणाला लांबीच नसते, तर लांब किरण आणि छोटा किरण असं काही असूच शकत नाही. पानावर दिसतात त्या लांब-आखूड भुजा म्हणजे काढणाऱ्याने पेन कुठे उचललं एवढंच. डावीकडचा कोन काढणाऱ्याने पेन उशिरा उचललं. बस्स.

आणि याचा एक फार व्यावहारिक फायदा आहे, जो मला शाळेत कुणी स्पष्ट सांगितलेला आठवत नाही. भुजा आखूड असतील तर पट्टी लावून खुशाल वाढवा! कोनमापक ठेवला की छोट्या भुजा त्याच्या प्लास्टिकखालीच संपतात, कडेवरच्या आकड्यांपर्यंत पोचतच नाहीत. मग पोरं काय करतात? नजरेने अंदाज लावतात. भाचीने तेच केलं होतं. मी म्हटलं, वाढवली का नाहीस? तर म्हणे, “पेपरातली आकृती आपण कशी बदलायची?” अगं, बदलत नाहीयेस. तो किरण आधीपासूनच तिथे आहे, तू फक्त शाई भरतेयस.

कोनमापकाचं एक सांगून टाकतो, मग डोंगरात जाऊ. त्याच्यावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून शून्य, एक उजवीकडून. 40 आणि 140 एकाच रेघेवर बसलेले असतात. कुठली ओळ वाचायची? जी भुजा तुम्ही तळरेषेवर ठेवलीत, तिच्यावर ज्या ओळीचा शून्य आहे ती. आणि वाचण्याआधी एकदा नुसतं बघा, काटकोनापेक्षा कमी फाकलाय की जास्त. कमी फाकलेल्या कोनाला 140 लिहिलं असेल तर आकडा नव्हे, डोळा खरा.

तर डोंगर. मळवली स्टेशनवर उतरलात आणि दक्षिणेला तोंड केलंत, तर समोर उजव्या हाताला लोहगड आणि डाव्या हाताला विसापूर. तुमचा डोळा हा शिरोबिंदू. एक किरण लोहगडाच्या माथ्याकडे, एक विसापूरच्या. आता हा कोन मोजायला थिओडोलाइट नको. हात पूर्ण ताणून मूठ समोर धरा. मुठीची रुंदी साधारण 10 अंश. करंगळी साधारण 1 अंश. हाताची बोटं पूर्ण फाकवली तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत 20 अंशांच्या आसपास. लहान मुलांनाही हे चालतं, का? कारण मूठ लहान असते तसा हातही आखूड असतो. आकार बदलला, कोन तोच राहिला. आपलाच मुद्दा परत. पौर्णिमेचा चंद्र केवढा मोठा वाटतो ना, तो फक्त अर्धा अंश असतो. करंगळीमागे आख्खा लपतो. करून बघा, पाऊस थांबल्यावर.

पण मला सांगायची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही खूप लांबून बघितलंत तर दोन्ही किल्ले एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, कोन एवढासा. चालत जवळ जाल तसतसा कोन उघडत जातो. आणि दोघांच्या मधल्या गायमुख खिंडीत जाऊन उभे राहिलात, की एक किल्ला या हाताला आणि दुसरा त्या हाताला. दोन किरण जवळजवळ विरुद्ध दिशांना, म्हणजे जवळजवळ सरळ कोन, 180 अंश. या सगळ्या वेळात दोन किल्ल्यांमधलं अंतर इंचभरही बदललं नाही. बदलला तो शिरोबिंदू. किल्ले लांब असणं ही एक गोष्ट आणि त्यांच्यातला कोन मोठा असणं ही दुसरी गोष्ट, हे भाचीच्या वहीत शिकवायला अर्धा तास लागला असता. पायाने शिकायला एक सकाळ पुरते. शिवाय वर जाऊन बघाल तर विसापूर लोहगडापेक्षा उंच आहे, म्हणजे लोहगडावर उभं राहून विसापूरकडे बघायला नजर थोडी वर करावी लागते. तेवढाच छोटा उन्नत कोन, पण 1818 च्या मार्चमध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग लोहगड टिकला नाही. शेजाऱ्याची नजर वरून पडत असेल तर काय होतं बघा.

आता माझा सगळ्यात आवडता कोन. बोरघाटातला.

तुम्ही मुंबईहून रेल्वेने येताना कर्जतला गाडी थांबते, मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, लोक वडापाव खातात. एवढा दणकट घाट, की मागून ढकलावं लागतं. तर सांगा, रूळ किती अंशांनी वर चढत असतील? मी हा प्रश्न ऑफिसमध्ये विचारला, सगळे इंजिनीअर. कुणी 15 म्हणालं, कुणी 20, एकाने 30 म्हटलं.

घाटाचं काम 1856 मध्ये सुरू झालं आणि 1863 मध्ये गाड्या सुरू झाल्या. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, मुख्य अभियंता जेम्स बर्कली. (कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि काम त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिने पुढे चालवून पुरं करून घेतलं. तिच्यावर वेगळा भाग व्हायला पाहिजे, करू.) पंधरा-सोळा मैलांत 1831 फूट चढायचं होतं. सगळ्यात तीव्र चढ ठरवला 37 ला 1. म्हणजे 37 फूट पुढे गेलं की 1 फूट वर. आता कागदावर 37 सेंटिमीटरची आडवी रेघ मारा. वहीचं एक पान पुरणार नाही, दोन पानं जोडावी लागतील. तिच्या टोकाला 1 सेंटिमीटर वर खूण करा आणि सुरुवातीपासून त्या खुणेपर्यंत दुसरी रेघ ओढा. जो कोन झाला तो बघा. साधारण दीड अंश!

दीड. कोनमापकावरच्या दीड घरं. करंगळीपेक्षा किंचित जास्त. आणि त्यासाठी मागे इंजिनं लावावी लागतात, कारण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी पकड घेतं. ऑफिसमधल्यांनी आधी विश्वास ठेवला नाही, मग कॅल्क्युलेटर काढले.

मला वाटतं, कोनाच्या बाबतीत आपण दोन्ही बाजूंनी फसतो. वहीत भुजा लांब दिसल्या की छोट्या कोनाला मोठा म्हणतो, आणि घाटात दम लागला की दीड अंशाला तीस म्हणतो. शिरोबिंदूजवळ दीड अंश म्हणजे काहीच नाही, दोन रेघा एकमेकींवरच पडतात. पण किरण संपत नाहीत ना! जितकं पुढे जाल तितक्या त्या लांब होत जातात. कोन दीडच राहतो, आणि तुम्ही मात्र पायथ्यापासून लोणावळ्याच्या उंचीवर आलेले असता.

बोरघाटात आणखी एक कोन होता, आता गाड्या तिथून जात नाहीत. खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. खालून चढत आलेली गाडी डोंगराच्या एका चिंचोळ्या सोंडेवर जाऊन थांबायची. पुढचे रूळ नाहीतच. तिथे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचं, आणि मग गाडी शेपटीच्या बाजूने पुढे, दुसऱ्या रुळावरून वर निघायची. वरून बघितलं तर दोन रूळ एका टोकाला जुळलेले, चिमट्यासारखे. शिरोबिंदू आणि दोन भुजा, डोंगरात कोरलेल्या. 1929 च्या सुमारास नवा मार्ग झाला, विजेची इंजिनं आली आणि हा प्रकार बंद पडला.

पण असं का करावं लागलं असेल? समजा त्या दोन रुळांतला कोन 20 अंश होता. (आकडा माझा, समजायला सोपा म्हणून.) गाडी पहिल्या रुळावरून शिरोबिंदूपाशी आली. न थांबता सरळ पुढे गेली असती तर ती विरुद्ध किरणावर गेली असती. तिथून दुसऱ्या रुळाच्या दिशेला यायला तिला किती वळावं लागेल? 20 नाही. 180 वजा 20, म्हणजे 160 अंश. रूळ एकमेकांना जितके जवळ, तितकं वळण जास्त. चिंचोळ्या सोंडेवर आख्ख्या गाडीला 160 अंश वळवणारं वळण बसवायला जागाच नव्हती. मग त्यांनी वळवलंच नाही. गाडी न फिरवता उलटी चालवली. शाळेत ‘रेषीय जोडीतील कोनांची बेरीज 180 अंश’ हे वाक्य मी पाठ केलं होतं, मार्कही मिळाले होते. ते कशासाठी आहे हे मला या चिमट्यावरून कळलं, वयाच्या सव्विसाव्या वर्षी.

आणि हो, माझी स्वतःची फुली राहिली. पहिल्या नोकरीत मी नकाशावर गाडीची दिशा दाखवणारा बाण फिरवायचं काम करत होतो. दिशा 0 ते 360 अंशांत यायची, उत्तर म्हणजे 0. मी नवीन दिशेतून जुनी वजा करायचो आणि बाण तेवढा फिरवायचो. टेस्टिंगमध्ये मस्त चाललं. मग एक गाडी उत्तरेकडे जाता जाता जराशी वळली, दिशा 350 वरून 10 झाली, आणि बाणाने उलट्या बाजूने 340 अंशांची गिरकी मारली. फक्त 20 फिरायचं होतं. दोन दिवस मी सेन्सरला शिव्या घातल्या. चूक अशी की दोन किरण काढले की कोन एक होत नाही, दोन होतात. एक आतला आणि एक बाहेरून मोठा वळसा घालून जाणारा, त्याला पुस्तकात प्रविशालकोन म्हणतात. तो धडा मी ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून सोडला होता. दुरुस्ती एका ओळीची होती : फरक 180 पेक्षा जास्त आला तर दुसरा कोन घे. ही गोष्ट भाचीला सांगितली तेव्हा ती जितकी हसली तितकी टॉर्चलाही हसली नव्हती. “म्हणजे तुलापण फुली मिळाली?” मिळाली. आणि ती सगळ्या युजर्सनी बघितली.

आत्ता रेकॉर्डिंगच्या आधी ती जेवायच्या टेबलावर पेपर घेऊन बसली होती. त्या छोट्या कोनाच्या दोन्ही भुजा तिने पट्टीने पार पानाच्या कडेपर्यंत नेल्या, एक तर थोडी टेबलावरही गेली, ताई ओरडली. मग कोनमापक ठेवला. लांब भुजांचा निघाला 25, छोटा निघाला 60. लाल फुलीच्या शेजारी तिने पेन्सिलने 60 लिहिलंय आणि दोन्ही भुजांना बाण काढलेत.

लाईट परत जायच्या आत थांबतो. तुमच्या घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टींमधला कोन मुठीने मोजा आणि मला कळवा. मग चार पावलं मागे जाऊन परत मोजा, आणि तो आकडाही कळवा. भेटू पुढच्या भागात.